सिरपची बाटली आणि औषधांचे नवे नियम

भारतात औषध बनवणे, साठवणे आणि विकणे हा सगळा कारभार आजही १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यावर आणि त्याखालच्या १९४५ च्या नियमांवर चालतो. कायदा केंद्राचा, पण कारखान्याला परवाना देणारे, तपासणीला जाणारे आणि दुकानातून नमुने उचलणारे अधिकारी राज्याचे. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन करते. नवी औषधे, आयात, माणसांवरच्या चाचण्या आणि दर्जाची मानके हा केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेचा प्रांत असून भारताचे औषध महानियंत्रक तिचे प्रमुख असतात. २०२२ पासून या जुन्या चौकटीत एकामागून एक फेरबदल झाले. त्यातल्या बऱ्याच बदलांच्या मुळाशी एकच विष आहे, आणि ते काही नवे नाही.

डायइथिलीन ग्लायकॉल हे त्याचे नाव. गाड्यांचे ब्रेक ऑइल, शाई, रेझिन अशा ठिकाणी लागणारे हे औद्योगिक रसायन रंगहीन, किंचित घट्ट आणि चवीला गोड असते. सिरपमध्ये औषध विरघळवायला ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल वापरतात, तेही दिसायला थेट असेच. फरक भावात. स्वस्त माल महागाच्या पिंपात मिसळला, किंवा रंगाच्या कारखान्यासाठीचा माल औषधाच्या कारखान्यात आला, तर नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही. शरीरात गेल्यावर त्यापासून तयार होणारी द्रव्ये मूत्रपिंडावर घाला घालतात. आधी उलट्या आणि पोटदुखी, मग लघवी कमी होत होत बंद. औषध घेणारे मूल मुळातच तापाने किंवा खोकल्याने आजारी असते, त्यामुळे सुरुवातीची लक्षणे त्याच आजाराच्या खात्यावर मांडली जातात आणि निदानाला उशीर होतो. या रसायनाची मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. गॅस क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रावर ते नेमके मोजता येते. त्याहून साधी, कमी खर्चाची चाचणीही उपलब्ध आहे. थोडक्यात, हे विष ओळखायला विज्ञान अपुरे पडत नाही. पिंप फोडण्यापूर्वी चाचणी करायला कुणीतरी बांधील असावे लागते, एवढेच.

ही बांधिलकी नसल्याची किंमत जगाने पहिल्यांदा १९३७ मध्ये मोजली. अमेरिकेत सल्फानिलामाइडचे द्रवरूप औषध या रसायनात विरघळवून विकले गेले आणि शंभरावर माणसे दगावली. त्यातून तिथे १९३८ चा औषध कायदा आला. भारतात १९७३ मध्ये मद्रासला, १९९८ मध्ये गुरगावला आणि २०१९-२० च्या हिवाळ्यात जम्मूतल्या उधमपूर जिल्ह्यात याच विषाने मुले गेली. महाराष्ट्राला आठवते ते १९८६. त्या वर्षीच्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण मरण पावले. ग्लिसरीन औद्योगिक दर्जाचे आणि विषमिश्रित होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा पुरवठादाराचे नाव हा अहवालातला सर्वांत छोटा भाग ठरला. रुग्णालयाने खरेदी कशी केली, औषध प्रशासनातले अधिकारी कुठे डोळेझाक करत होते, राजकीय हात कुठवर पोहोचत होता, याची आयोगाने चिरफाड केली. पुढच्या प्रत्येक दुर्घटनेनंतरच्या चौकशा जवळपास याच तीन दारांशी येऊन थांबल्या आहेत.

ताजा अध्याय सुरू झाला तो ऑक्टोबर २०२२ मध्ये. हरियाणात बनलेल्या चार सिरपबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जगभर इशारा दिला. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात सत्तरच्या आसपास लहान मुले मूत्रपिंड निकामी होऊन दगावली होती. दोन-तीन महिन्यांत उझबेकिस्तानातूनही तशीच बातमी आली. 'जगाचे औषधालय' ही बिरुदावली मिरवणाऱ्या देशाची अब्रू पणाला लागली आणि सरकार हलले. डिसेंबर २०२२ पासून केंद्र आणि राज्यांच्या अधिकाऱ्यांनी मिळून धोका अधिक वाटणाऱ्या कारखान्यांच्या तपासण्या सुरू केल्या. १ जून २०२३ पासून खोकल्याचे सिरप परदेशी पाठवण्याआधी सरकारमान्य प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र घेणे सक्तीचे झाले. नियम चांगला, पण तो निर्यातीच्या मालाला. देशातल्या मुलासाठी भरलेल्या बाटलीला असे प्रमाणपत्र लागत नव्हते. तिच्या बाबतीत भरवसा होता तो कारखान्याच्या स्वतःच्या चाचणीवर.

त्या स्वतःच्या चाचणीचे नियम ज्यात आहेत ते शेड्यूल एम. औषध कारखान्याची इमारत, यंत्रे, पाणी, हवा, माणसे आणि कागदपत्रे कशी असावीत, हे त्यात सांगितलेले असते. २८ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने ते नव्याने लिहिले गेले आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांच्या जवळ आणले गेले. जुन्या पद्धतीत भर होता तो तयार मालावर: बॅच बनली, चार बाटल्या प्रयोगशाळेत गेल्या, अहवाल चांगला आला, माल गाडीत चढला. हजारो बाटल्यांतल्या चार बाटल्या काय सांगणार, हा प्रश्न तसाच राहायचा. नव्या शेड्यूलमध्ये भर प्रक्रियेवर आहे. कच्चा माल पुरवणाऱ्याची आधी पारख करून त्याला मान्यता द्यायची, प्रत्येक पिंपातल्या मालाची ओळख पटवायची, यंत्र किंवा कृती बदलली तर त्या बदलाचा परिणाम तपासून नोंद ठेवायची, दरवर्षी प्रत्येक उत्पादनाचा आढावा घ्यायचा, स्वतःच्याच कारखान्याची अंतर्गत तपासणी करायची आणि माल परत मागवण्याची वेळ आली तर तो कुठल्या गावापर्यंत पोहोचला आहे हे सांगता आले पाहिजे. औषधामुळे रुग्णाला धोका होणार नाही याची जबाबदारी परवानाधारकावर आहे, हेही त्यात स्पष्ट शब्दांत आले.

कागदावर हे सोपे दिसते. पण बद्दी, रुरकी, वापी किंवा ठाणे-पालघरच्या पट्ट्यातल्या छोट्या कारखान्याला त्यासाठी हवा शुद्ध करणारी यंत्रणा बदलावी लागते, प्रयोगशाळा उभारावी लागते आणि नुसत्या नोंदी ठेवायला वेगळी माणसे नेमावी लागतात. सरकारच्याच आकड्यांनुसार देशात औषधे बनवणारे सुमारे १०,५०० कारखाने आहेत आणि त्यातले सुमारे ८,५०० लहान व मध्यम गटातले. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांचे प्रमाणपत्र होते ते त्यांतल्या साधारण दोन हजारांकडे. म्हणून मुदती वेगवेगळ्या दिल्या गेल्या. २५० कोटी रुपयांवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना सहा महिने, बाकीच्यांना वर्षभर. फेब्रुवारी २०२५ मध्ये लहान कारखान्यांना आणखी सवलत मिळाली: सुधारणांचा आराखडा जोडून अर्ज केला तर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत मुदत. तंत्रज्ञान सुधारण्यासाठी प्रत्येक कारखान्याला १ कोटी रुपयांपर्यंत अनुदान देणारी केंद्राची योजनाही मार्च २०२४ मध्ये नव्या रूपात आली. लहान उद्योजकांच्या संघटनांचे म्हणणे असे की इतका खर्च झेपणार नाही आणि हजारो कारखाने बंद पडले तर स्वस्त औषधांचाच तुटवडा होईल. ही भीती अगदीच पोकळ नाही. मात्र पिंपातला द्रव ओळखण्याची चाचणी ही काही चैनीची गोष्ट नव्हे, आणि ती जुन्या नियमांतही अपेक्षित होतीच.

मुदतवाढीचे ते वर्ष संपण्याआधीच, सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये, मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात मुले दगावू लागली. परासिया परिसरातली अनेक आजारी मुले उपचारासाठी नागपूरला आणली गेली. मूत्रपिंडाच्या तपासण्यांतून विषबाधेचा संशय बळावला आणि माग निघाला कोल्ड्रिफ नावाच्या सर्दी-खोकल्याच्या सिरपपर्यंत. ते बनले होते तामिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यात. तिथल्या राज्य प्रयोगशाळेने एसआर-१३ या बॅचमध्ये डायइथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण ४८.६ टक्के असल्याचे सांगितले. मर्यादा ०.१ टक्क्याची, म्हणजे ही चूक दशांश चिन्हाची नव्हती. बाटलीतला निम्मा द्रवच विष होता. कारखान्याच्या तपासणीत साडेतीनशेहून अधिक त्रुटी निघाल्या आणि औषधी दर्जाचे नसलेले प्रोपिलीन ग्लायकॉल वापरल्याचे दिसले. वीसहून अधिक मुले गेल्यावर परवाना रद्द झाला. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही त्या बॅचची बाटली वापरू नये, असा इशारा काढला. या सिरपमध्ये क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन ही औषधे एकत्र होती. असे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, हे केंद्राने आधीच बजावले होते, आणि बाटलीवर तसा इशारा छापणेही सक्तीचे होते.

त्यानंतरची पावले जरा वेगळी आहेत, कारण ती पिंपाकडे वळली. प्रत्येक बॅचचा कच्चा माल आणि तयार औषध दोन्ही तपासा, असे औषध महानियंत्रकांनी राज्यांना पुन्हा बजावले. ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल यांसारख्या धोक्याच्या द्रावकांची विक्री सरकारी ऑनलाइन परवाना पोर्टलवर नोंदवण्याची व्यवस्था पुढे आली, म्हणजे पिंप कुणी बनवले, कुणाला विकले आणि शेवटी कोणत्या कारखान्यात रिकामे झाले, याची साखळी जुळावी. शिवाय एक जुनी फट उघड्यावर आली. १९४५ च्या नियमांतल्याच शेड्यूल के नुसार हजारापेक्षा कमी वस्तीच्या गावात खोकल्याची काही घरगुती औषधे औषध विक्रीच्या परवान्याशिवाय विकता येतात, आणि त्या यादीत सिरपही आहे. वाण्याच्या दुकानात बिस्किटांशेजारी सिरप दिसते ते या सवलतीमुळे. यादीतून सिरप वगळण्याचा प्रस्ताव केंद्राने मांडला आहे.

जबाबदारी कुणाची, हा प्रश्नही अलीकडे थोडा सुटला. औषधाच्या पाकिटावर बारीक अक्षरांत दोन नावे असतात: बनवणाऱ्याचे आणि विकणाऱ्याचे. मोठ्या नावाच्या कित्येक कंपन्या स्वतः गोळी बनवत नाहीत. बद्दीसारख्या ठिकाणच्या कारखान्याकडून बनवून घेतात आणि आपले नाव छापतात. माल अप्रमाणित निघाला की ही कंपनी हात वर करत असे. १ मार्च २०२१ पासून नियम बदलला. औषध बाजारात आणणारी कंपनीही आता दर्जासाठी आणि इतर कायदेशीर अटींसाठी बनवणाऱ्याइतकीच जबाबदार आहे. दुकानदाराचे संरक्षण मात्र जुनेच आहे. परवानाधारक वितरकाकडून बिलावर माल घेतला, तो नीट साठवला आणि दोष आपल्याला कळणे शक्य नव्हते, हे त्याने दाखवले तर तो सुटतो. म्हणूनच औषध निरीक्षक दुकानात आला की आधी खरेदीची बिले मागतो. नमुना घेताना तो त्याचे चार भाग करतो, प्रत्येकावर मोहोर लावतो. एक भाग दुकानदाराकडे राहतो, एक सरकारी विश्लेषकाकडे जातो, एक न्यायालयासाठी ठेवला जातो आणि एक दुकानदाराने ज्याच्याकडून माल घेतला त्याच्याकडे पाठवला जातो. अहवाल मान्य नसेल तर २८ दिवसांत आव्हान द्यावे लागते, नाहीतर तोच पुरावा ठरतो.

बनावट औषधांचे प्रकरण यापेक्षा वेगळे. तिथे कारखाना चुकलेला नसतो, तर मुळात असतच नाही. नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून घेतलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांत औषधच नसल्याचे आढळले होते, आणि तो माल पुरवणाऱ्या टोळीविरुद्ध पोलिसांनी २०२४ मध्ये आरोपपत्र दाखल केले. सरकारी रुग्णालयातच असा माल पोहोचू शकतो, ही त्यातली अस्वस्थ करणारी बाब. यावर एक उपाय म्हणून १ ऑगस्ट २०२३ पासून सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडच्या पाकिटांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. मोबाइलने तो वाचला की औषधाचे मूळ नाव, ब्रँड, बनवणाऱ्याचा पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, परवाना क्रमांक ही माहिती दिसायला हवी. पण सरकारी रुग्णालयांना निविदेतून जाणारी औषधे बहुधा या तीनशेत नसतात. जिथे फसवणुकीला वाव जास्त, तिथे कोड नाही.

शिक्षेच्या कलमांत काळाची दोन टोके दिसतात. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००३ मध्ये जीवघेण्या बनावट औषधांसाठी मृत्युदंडाची शिफारस केली होती. २००८ च्या दुरुस्तीत ती जन्मठेपेवर आणि किमान दहा वर्षांच्या कैदेवर येऊन थांबली. याच समितीने दर ५० कारखान्यांमागे आणि दर २०० दुकानांमागे एक औषध निरीक्षक असावा असे सुचवले होते. बहुतेक राज्ये त्या प्रमाणाच्या आसपासही नाहीत. दुसरे टोक २०२३ च्या जनविश्वास कायद्याचे. बनावट किंवा भेसळयुक्त नसलेल्या, पण मानकात न बसणाऱ्या औषधाचा गुन्हा, ज्याला किमान एक वर्षाची कैद आहे, तो आता दंड भरून तडजोडीने मिटवता येतो. गोळी वेळेत विरघळली नाही एवढ्यासाठी संचालकाला वर्षानुवर्षे न्यायालयात फेऱ्या मारायला लावू नयेत, असा उद्योगाचा युक्तिवाद. रुग्णांसाठी काम करणाऱ्यांचे म्हणणे, न विरघळणारी हृदयविकाराची गोळी ही तांत्रिक चूक कशी? दुसऱ्या बाजूचे पारडे जड वाटते, कारण दंडाची रक्कम धंद्याच्या खर्चात सहज सामावते.

दर्जाखालोखाल बदलले ते विक्रीचे नियम. डॉक्टरांना भेटवस्तू, सहली आणि पाकिटे देऊन औषध लिहून घेण्याची प्रथा जुनी. डॉक्टरांच्या आचारसंहितेत २००९ पासून बंदी होती, पण ती डॉक्टरांवर. देणारी कंपनी मोकळी. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अॅपेक्स लॅबोरेटरीज प्रकरणात सांगितले की अशा भेटींवरचा खर्च कंपनीला प्राप्तिकरात वजावट म्हणून दाखवता येणार नाही. १ जुलै २०२२ पासून वर्षाला २०,००० रुपयांवरच्या अशा लाभांवर १० टक्के कर आधीच कापावा लागतो. म्हणजे या व्यवहाराला आधी हात घातला तो करखात्याने. १२ मार्च २०२४ ला औषधनिर्माण विभागाने विपणनाची नवी समान संहिता काढली. डॉक्टर किंवा त्याच्या कुटुंबाला भेट नाही, परदेशातले परिसंवाद नाहीत, आणि आठवण म्हणून दिलेली वस्तू हजार रुपयांच्या आतली. फुकट नमुने एका डॉक्टरला एका औषधाची वर्षाला १२ पाकिटे एवढेच, आणि कंपनीच्या सगळ्या नमुन्यांची किंमत देशांतर्गत विक्रीच्या २ टक्क्यांवर जाता कामा नये. मात्र तक्रार करायची ती उद्योगाच्याच संघटनेच्या समितीकडे, हजार रुपये शुल्क भरून, आणि शिक्षा फार तर समज किंवा सदस्यत्वावर गदा. संहितेला कायद्याचे बळ द्यावे यासाठी औषध प्रतिनिधींचीच संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आहे, हे लक्षात घेण्यासारखे. पाकीट डॉक्टरच्या टेबलावर ठेवावे लागते ते त्यांनाच.

किमतीच्या बाबतीत चौकट जुनीच आहे. २०१३ च्या आदेशाखाली राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण अत्यावश्यक औषधांची कमाल किंमत ठरवते. २०२२ च्या यादीत अशी ३८४ औषधे आहेत. दरवर्षी घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे ही कमाल किंमत बदलते. २०२३ मध्ये वाढ १२ टक्क्यांवर गेली होती, पुढच्या वर्षी जवळपास शून्यावर आली. यादीबाहेरच्या औषधांची किंमत कंपनी वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि ३६ जीवरक्षक औषधे करमुक्त झाली. पाकिटावर जुनी किंमत छापलेली असली तरी दुकानदाराने घ्यायची ती नवी.

वैद्यकीय उपकरणेही याच कायद्याच्या कक्षेत आली आहेत. १ एप्रिल २०२० पासून थर्मामीटरपासून एमआरआय यंत्रापर्यंत सगळी उपकरणे कायद्याच्या दृष्टीने औषधांत मोडतात, आणि जास्त धोक्याच्या गटांना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा आहे. १९४० च्या कायद्यात इतकी ठिगळे लागली की त्याजागी नवा कायदा आणण्यासाठी जुलै २०२२ मध्ये औषधे, वैद्यकीय उपकरणे व सौंदर्यप्रसाधने विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी खुला केला गेला. त्याचा कायदा झालेला नाही. उत्पादनाचा परवाना राज्याने द्यायचा की केंद्राने, या वादाचा निकालही अजून लागलेला नाही.